शिडाचं पोट

३ मार्च

ही मापांची वही आहे. छत्तीस वर्षांत हिच्यात लांबी-रुंदी सोडून एक अक्षर लिहिलेलं नाही. दुकानांपुढची कापडी छतं, ट्रकच्या ताडपत्र्या, बोटींची आच्छादनं, आणि एकदा एका घोड्याची झूल, बस्स. आजपासून डावी पानं मापांची आणि उजवी माझी. कारण मला जहाजाचं शीड शिवायचंय, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. शेजारच्या कुलूपवाल्याला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर तो शटर ओढून जेवायला गेला.

बातमी भाचीने आणली. ही माझ्या बहिणीची मुलगी, जहाजांचे आराखडे काढायचं शिकलीय, वरच्या खोलीत राहते आणि जहाज कंपनीत नवीन लागलीय. सकाळी चहा घेताना म्हणाली, "मावशी, म्हातारीला शीड लावायचंय. एवढं जाड कापड शिवणारं मशीन अख्ख्या बंदरात फक्त तुझ्याकडे आहे." माझं बिस्किट कपात पडलं ते पडलंच.

म्हातारी म्हणजे आमचं मालवाहू जहाज. बेटांवर पीठ, सिमेंट आणि गॅसचे सिलिंडर नेतं. मालकांचं पत्र आलंय. तीस एप्रिलपर्यंत एका फेरीचं तेल चौथ्या हिश्श्याने कमी करून दाखवा, नाहीतर जहाज मोडीत. भाचीने छातीठोक सांगितलंय की करून दाखवते. पोरगी चोवीस वर्षांची आहे आणि हे तिचं पहिलंच काम.

५ मार्च

आज जहाजावर बैठक झाली. मला खुर्ची दिली! भाचीने फळ्यावर एकेक उपाय लिहिला. बॅटऱ्या घातल्या तर अर्धं जहाज त्यांनीच भरतं. कप्तानबाई म्हणाल्या, "मग पीठ काय डोक्यावर न्यायचं?" हायड्रोजनची टाकी म्हातारीपेक्षा मोठी. अमोनिया जाळता येतो म्हणे. त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "वास आधी पोचेल. जहाज मागनं येईल."

हे इंजिनवाले. सव्वीस वर्षं म्हातारीच्या इंजिनखोलीत आहेत. सत्तावन्न वय, मिश्या, पोट, एकटेच राहतात. हात मात्र इतके स्वच्छ की तेलाच्या कामातला माणूस वाटू नये. मालाच्या कप्प्यांच्या झाकणांवर सोलरच्या सहा पाट्या बसणार आहेत, त्यावर दिवे, पंखे आणि फ्रिज चालेल, एवढं त्यांनी मान्य केलं. शिडाचं नाव निघाल्यावर म्हणाले, "वाऱ्याला पगार नसतो. तो मनात आलं तर येतो."

मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही शिवणार?"

सगळा धक्का मला ताई म्हणतो. कप्तानबाई माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, त्याही ताई म्हणतात. हे गृहस्थ तेवढे नुसतं 'अहो'. माणसाला रीत नसली की नसली.

११ मार्च

कापड आलं! पांढरंशुभ्र, कडक, हात लावला की करकरतं. मी आणि भाची त्यावर अनवाणी लोळलो. वय वर्षं त्रेपन्न, आणि मी कापडावर लोळले. लिहून ठेवते, उद्या खोटं वाटेल.

भाचीने आराखड्याचे मोठे कागद पसरले. चौदा पट्टे एकमेकांना जोडायचे. काम ओळखीचंच आहे, छताचंही असंच असतं. फक्त पोरीचा हात थरथरतो बहुतेक. पट्ट्यांच्या कडा जरा वाकड्या आल्या होत्या, मध्ये फुगीर, टोकांना निमुळत्या. तिला लाज वाटू नये म्हणून बोलले नाही. ती ऑफिसला गेल्यावर पट्टी घेतली आणि सगळ्या रेषा सरळ करून टाकल्या. माझी शिवण छत्तीस वर्षांत कधी वाकडी गेलेली नाही, आता काय जाणार!

माझ्या कात्रीने कागद कापायला भाची निघाली होती, तिला ओरडले. ही कापडाची कात्री आहे. माझ्याखेरीज तिला कुणी हात लावलेला नाही आणि लावायचाही नाही.

१४ मार्च

इंजिनवाले दुकानात आले. अंगावरच्या निळ्या डांगरीचा गुडघा फाटलेला. "लोखंडाच्या कडेला लागला." फाटलेलं पाहिलं तर अगदी सरळ, तीन इंच, पट्टीवर आखल्यासारखं. एवढी धारदार कड इंजिनखोलीत असेल तर धोक्याचंच आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते बरं म्हणाले.

ठिगळ पाच मिनिटांचं. ते दीड तास बसले. न विचारता माझ्या मशीनला तेल घातलं, पट्टा काढून परत बसवला. मशीन आता मांजरीसारखं गुरगुरतं, ते सोडा. पण विचारायची काही पद्धत? शीड कसं चाललंय ते बघायलाच आले असणार. हेर आहेत झालं.

१९ मार्च

दुसरा गुडघा. तोही सरळ. मी म्हटलं, त्या कडेवर रबर बसवा. ते म्हणाले, बघतो.

या ठिगळांना काही अर्थ नाही, नवीन डांगरीच शिवून देते म्हटलं. कपडे मी शिवत नाही, पण डांगरी म्हणजे कपडे थोडेच! मापं घेतली. छाती १०४, पोट ११२. पोटाचं माप घेताना त्यांनी श्वास आत ओढून धरला. मी म्हटलं, "सोडा, मला खरं माप हवंय." दोघांनाही हसू आलं. का, ते कळलं नाही.

२२ मार्च

डांगरीचं माप सापडेना. त्यांना बोलावून परत घेतलं. पोट ११२.

आज कोपर फाटलं होतं.

२८ मार्च

शीड झालं. झालं, झालं, झालं! धक्क्यावर उलगडलं तेव्हा हमाल थांबले, कोळ्यांनी जाळी खाली ठेवली आणि कप्तानबाईंनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. एकशे वीस चौरस मीटर, तेरा शिवणी, आणि एकही केसभर हललेली नाही. ताणून बसवलं तर त्यावर कॅरम खेळता येईल. भाची ऑफिसच्या कामासाठी परगावी गेलीय, तिला फोनवर सांगितलं, "अगं, काचेसारखं सपाट आहे!" फोनवर आवाज तुटत होता. ती "काय?" म्हणाली आणि फोन बंद पडला.

माझे पाय जमिनीवर नाहीत. कुलूपवाल्याला चौथ्यांदा सांगून आले.

२ एप्रिल

शीड नापास झालं.

डोलकाठीवर चढवलं, वारा चांगला होता, आणि ते नुसतं फडफडलं. ताणलं तर ताठ उभं राहिलं, भिंतीसारखं. जहाज पुढे जाईना, उलट एका बाजूला कलंडायला लागलं. खालून इंजिनवाल्यांनी तेलाचा आकडा सांगितला. पूर्वीपेक्षा जास्त. भाची कालच परतलीय, ती कठड्याला धरून उभी होती. तिचा चेहरा माझ्याने बघवेना.

मग हे वर आले, शिडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "छत सुंदर झालंय हो. खाली चार खुर्च्या टाकल्या की झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत या म्हणावं आता गुडघा घेऊन.

३ एप्रिल

दुकान बंद.

४ एप्रिल

दुकान उघडलं, पण उगाच. भाची रात्रंदिवस आकडे तपासतेय. "माझंच चुकलं असणार मावशी, माझा आराखडाच चुकला असणार." जेवत नाही. कप्तानबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, म्हातारी मोडीत गेली तर मी घरी बसेन, पण इंजिनवाल्यांचा भाऊ लांब आत, डोंगराकडे पंपाचा कारखाना चालवतो, ते तिकडे जातील. तिथे समुद्र नाही. साधी नदीसुद्धा नाही म्हणे.

जातील तर जातील. माझं काय जातंय?

आज दूध दोनदा उतू गेलं. शेगडी बिघडलीय.

६ एप्रिल

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

डांगरी तयार होती, ती घ्यायला इंजिनवाले आले. दारातच उभे राहिले. "अहो, त्या दिवशी मी बोललो ते..." मी म्हटलं, घालून बघा. पडद्यामागून घालून आले. माप अगदी बरोबर, शिवणी सुतासारख्या सरळ, आणि माणूस खोक्यात भरल्यासारखा! पोटावर कापड तटतटलेलं, पोटाखाली रिकामं पोतं. खाली बसायला गेले तर बसता येईना. मला इतकं हसू आलं की टाचणी तोंडातून पडली. तेही हसायला लागले, तर एक बटण उडून कुलूपवाल्याच्या दारापर्यंत गेलं.

मग मी बाजूची शिवण उसवली. मध्ये कापड सोडलं, दोन्ही टोकांना आत घेतलं, टाचण्या लावल्या. कापड तेवढंच. फक्त शिवण वाकडी. आणि पोट आत मजेत जाऊन बसलं.

मी गुडघ्यांवर बसले होते, नाकासमोर ती शिवण. मध्ये फुगीर, टोकांना निमुळती. ही रेष मी कुठे पाहिलीय? आणि एकदम डोक्यात उजेड पडला. भाचीचा कागद! पोरीचा हात थरथरला नव्हता. छतावर पाणी साचू नये म्हणून ते सपाट लागतं. शिडात वारा साचायला हवा. शिडाला पोट लागतं, आणि ते मी पट्टी घेऊन, मोठ्या मायेने, पुसून टाकलं होतं.

मी ओरडले, "हलू नका!" आणि टाचण्यांसकट त्यांना तिथेच उभं ठेवून वर धावले. भाचीला उठवलं, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता आयुष्यभर बोलणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, उशीत तोंड घातलं, खांदे हलायला लागले. रडतेय म्हणून पाठीवर हात ठेवला तर ती हसत होती. "म्हणजे माझं गणित बरोबर आहे! मावशी, माझं गणित बरोबर आहे!" मग रडली. मग मीही रडले. खाली इंजिनवाले अजून उभेच होते, हात दोन्हीकडे पसरून.

७ एप्रिल

तेराच्या तेरा शिवणी उसवायच्या, कडा वाकड्या कापायच्या आणि परत जोडायच्या. परीक्षेची फेरी अठ्ठावीसला, म्हणजे एकवीस दिवस आहेत. एकटीने होणार नाही. मशीनच्या पलीकडून कापड ओढून धरणारं कुणीतरी लागतं, शिडाचं वजनच तेवढं आहे.

माणूस आपणहून आला. रजा टाकून. मी विचारलं, तुमचा शिडावर विश्वास नाही ना? म्हणाले, "माझा वाऱ्यावर नाही. तुमच्यावर आहे."

मग मशीनवरचा दिवा जरा तिरका होता तो त्यांनी सरळ केला, आणि आम्ही कामाला लागलो.

१५ एप्रिल

सहा शिवणी झाल्या. मुद्दाम वाकडं शिवणं किती अवघड आहे! हात आपोआप सरळ जातो. ते पलीकडून म्हणतात, "पोट, पोट," आणि मी हात वळवते. आज खिसा फाटला होता. त्या इंजिनखोलीत आहे तरी काय?

डांगरीचं माप तिसऱ्यांदा घ्यावं लागलं, वाकड्या शिवणीमुळे खात्री हवी. ११२. भाची वही चाळत म्हणाली, "मावशी, एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा. तीन पानांवर तेच आहे." तिला दुसऱ्यांच्या वह्या वाचायची सवय लागलीय. कुलूपवाल्याकडून या वहीला कुलूप बसवून घेते.

लग्न करायचं माझं राहून गेलं, जसं मागच्या खोलीला रंग द्यायचं राहून गेलंय. दोन्हीची खंत नाही. हे आज कशाला लिहिलं कोण जाणे.

२६ एप्रिल

झालं. यावेळी धक्क्यावर उलगडलं तर सपाट राहीचना. जमिनीवर सुद्धा मध्ये फुगून बसलं, पाहुणा जेवून बसतो तसं. मला फार आवडलं.

२८ एप्रिल, जहाजावर

परीक्षेची फेरी. मालकांचा माणूस सकाळी टाकीत मोजपट्टी बुडवून गेला. जाऊन-येऊन नेहमी आठशे लिटर लागतं. सहाशेच्या आत यायचं. भाची, कप्तानबाई, खलाशी, इंजिनवाले आणि मी. मी कशाला? तर शीड फाटलं तर शिवायला. खिशात सुई, दोरा, कात्री.

दुपारी बारा. बेटाला पोचलो. जाताना वारा समोरून, अगदी नाकावर. शीड उघडताच आलं नाही, गुंडाळून नेलं. इंजिनवाले वर आले आणि म्हणाले, "चारशे दहा." म्हणजे परतीला फक्त एकशे नव्वद. भाची दोरांची गाठ बांधते आणि सोडते, बांधते आणि सोडते. खलाशांनी पीठ उतरवलं. मी जहाजाच्या मागच्या बाजूला जाऊन डोळे पुसले. तिथे इंजिनवाले होते. डोंगराकडे किती थंडी असते हो, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत!

दुपारी दोन. निघालो. जो वारा नाकावर होता तोच आता पाठीशी, जरा तिरका. कप्तानबाई ओरडल्या, "ताई, तुम्हीच ओढा पहिला दोर!" ओढला. शीड वर गेलं, एकदा फडफडलं, आणि मग भरलं. पोट आलं त्याला! गोल, गच्च, टेचात. म्हातारीने एक हिसका दिला आणि धावायलाच लागली. मी उड्या मारल्या. खरोखरच्या उड्या, लोखंडी फळीवर. कप्तानबाई खलाशाला मिठी मारून त्याच्यावरच खेकसल्या, "सुकाणू सांभाळ!"

इंजिनवाले वर आले. शिडाकडे बघत उभे राहिले, बराच वेळ. टोपी काढली. मग खाली गेले, आणि इंजिन थांबलं.

सव्वीस वर्षांत ते भर समुद्रात त्यांनी कधी बंद केलेलं नव्हतं. पाण्याचा आवाज आला. दोराचा आला. भाचीचं नाक ओढणं सुद्धा ऐकू आलं. पाठीमागे धूर नाही, नुसती पांढरी रेघ. तीन तास असेच आलो.

संध्याकाळी सहा. धक्का दिसायला लागल्यावर मोजपट्टी बुडवली. परतीला एकशे चाळीस. एकूण साडेपाचशे! भाचीने मला उचललं. ती मला उचलू शकते हे दोघींनाही नवीन होतं. म्हातारी वाचली. सगळ्यांचं सगळं वाचलं. आता धक्क्याला लागण्यापुरतं इंजिन सुरू करायचं, म्हणून इंजिनवाले खाली गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आवाज येईना. काही बिघडलं की काय म्हणून मी शिडी उतरले.

त्यांची पाठ माझ्याकडे होती. अंगात नवी डांगरी, मीच शिवलेली, वाकड्या शिवणीची. एक पाय स्टुलावर. हातात ब्लेड. गुडघ्यावर ते हळूहळू रेघ ओढत होते, अगदी सरळ, तीन इंच.

"अहो!" मी म्हटलं.

ब्लेड खाली पडलं. कानापर्यंत लाल झाले. इंजिन चालू असतं तर काहीतरी ऐकू न आल्याचं दाखवता आलं असतं, पण ते बंद होतं.

"शीड झालं ना," ते म्हणाले. "उद्यापासून तुमच्या दुकानात यायला मला काही कामच उरलं नाही."

छत्तीस वर्षं कापड हाताळतेय मी. दोन गुडघे, एक कोपर, एक खिसा, चार ठिगळं याच हातांनी लावली. कापड फाटतं कसं आणि कापलं जातं कसं, हे मला झोपेत कळतं. आणि मी या माणसाला रबर बसवायला सांगत होते! आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग आनंदाच्या अशा उकळ्या फुटल्या की शिडीचा कठडा धरावा लागला.

वरून कप्तानबाई ओरडत होत्या, "अहो, इंजिन कुठं मेलंय? धक्का आला!"

मी खिशातून कात्री काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"ब्लेडने कड उसवते," मी म्हटलं. "ठिगळ नीट बसत नाही."

त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. कात्रीला मी कुणाला हात लावू देत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं असेल ते भाचीला उद्या विचारते.

"उद्या बरोबर दहाला या," मी म्हटलं.

ठिगळ पाच मिनिटांचं आहे. मी दुकानावर दिवसभर बंदची पाटी लावणार आहे.